एकमेव पुरवठादाराची फाईल: संरक्षण खरेदीत जादा आकारणी कशी रोखायची

संरक्षण खरेदीच्या कामाला नव्याने लागलेल्या माणसाला वाटतं, जादा पैसे जातात ते बिलातून. म्हणून तो बिलांच्या बेरजा तपासतो, शिक्के आणि सह्या पाहतो, दर करारातल्या दराशी जुळतो का ते बघतो. हे सगळं करायचंच आहे, पण बहुतेक जादा आकारणी करारावर सही झाली त्याच दिवशी पक्की झालेली असते. नंतर येणारं बिल अगदी बिनचूक असतं, कारण ते चुकीच्या दराशी तंतोतंत जुळतं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी सी-१७ या मालवाहू विमानाच्या सुट्या भागांचा तपासणी अहवाल प्रसिद्ध केला. विमानाच्या शौचालयात बसवायच्या साबणाच्या डिस्पेन्सरसाठी हवाई दलाने बाजारातल्या तशाच वस्तूच्या ८० पटींहून जास्त किंमत मोजली होती. या एकाच वस्तूवर १,४९,०७२ डॉलर जादा गेले. तपासलेल्या ४६ भागांपैकी १२ भागांची किंमत रास्त नव्हती. कारणं वाचली तर त्यात रहस्य काहीच नाही: दर ठरवताना दिलेली माहिती खरी आहे का हे कुणी पडताळलं नाही, करार चालू असताना दर कुठे वाढले यावर लक्ष ठेवलं नाही, आणि पैसे देण्याआधी बिलातली किंमत रास्त आहे का हे विचारलं नाही. तिन्ही कामं साधी आहेत. ती कशी करायची, ते क्रमाने पाहू. सगळ्यात जास्त वेळ मी किंमत ठरण्याआधीच्या पायऱ्यांवर घालवणार आहे, कारण तिथे वाचवलेला पैसा नंतर वसूल करावा लागत नाही.

पहिली पायरी: वस्तू नक्की काय आहे ते बघा

फाईलमध्ये वस्तूचं नाव भारदस्त असतं. एखादी पिन, वॉशर, केबल, झडप लांबलचक तांत्रिक नावाखाली आणि भाग क्रमांकाखाली लपलेली असते. ड्रॉइंग मागवा. वस्तू गोदामात असेल तर हातात घेऊन बघा. ज्या तंत्रज्ञाने ती बसवली आहे त्याला दोनच प्रश्न विचारा: हा भाग काय करतो, आणि याच्या जागी दुसरा काही चालतो का? या दोन उत्तरांनी अर्धी फाईल उलगडते.

मग ठरवा की वस्तू तीनपैकी कोणत्या गटात बसते. बाजारात अनेकजण बनवतात अशी, बाजारातल्या वस्तूत थोडा बदल केलेली, की फक्त लष्करासाठीच बनणारी. पुरवठादार पुष्कळदा आपली वस्तू ‘व्यावसायिक’ असल्याचा दावा करतो. याचं कारण समजून घ्या. अनेक देशांच्या नियमांत व्यावसायिक वस्तूला खर्चाचा तपशील देण्यातून सूट असते, कारण तिची किंमत बाजाराने आधीच ठरवलेली आहे असं गृहीत धरलं जातं. तेव्हा दावा आला की पुरावा मागा: सरकार सोडून आणखी कुणाला, किती नग, कोणत्या दराने विकले? त्या विक्रीची बिलं दाखवता येत नसतील, तर बाजाराने किंमत ठरवलेली नाही आणि सूट मागण्याला आधार नाही.

दुसरी पायरी: दराचा लिफाफा उघडण्याआधी स्वतःचा आकडा लिहा

हा नियम कधीही मोडू नका. समोरच्याचा आकडा एकदा डोळ्यांखालून गेला की आपला अंदाज नकळत त्याच्याभोवती घोटाळू लागतो. त्याने हजार सांगितले की नऊशे मिळाल्याचा आनंद होतो, वस्तू दोनशेची असली तरी.

अंदाज खालून वर बांधा. किती वजनाचं कोणतं साहित्य, यंत्रावर किती तास, जुळणीला किती तास, चाचणीला किती, त्यावर कारखान्याचा वरखर्च, त्यावर नफा. तासांचा अंदाज येत नसेल तर सरकारी कार्यशाळेतल्या किंवा दुरुस्ती आगारातल्या अनुभवी कारागिराला विचारा. त्याचा आकडा दहावीस टक्क्यांनी चुकेल. पण वस्तू दोनशेची आहे की दोन हजारांची, हे तो एका नजरेत सांगेल, आणि तुम्हाला सुरुवातीला तेवढंच हवं असतं. अंदाजाच्या कागदावर तारीख घाला, सही करा, आणि तो फाईलला लावा.

अंदाज स्वतःच फुगलेला असला तर मात्र तो ढाल बनतो, आणि ती ढाल पुरवठादाराच्या हातात असते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी घेतलेल्या ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टरच्या खरेदीवर अहवाल दिला. वाटाघाटी समितीने ठरवलेली आधारभूत किंमत कंपनीने देऊ केलेल्या किमतीपेक्षाही वर होती, असा आक्षेप त्यात आहे. घासाघीस करायला जागाच उरली नाही. म्हणून अंदाज दुसऱ्या अधिकाऱ्याकडून तपासून घ्या, आणि तो अधिकारी त्या खरेदीत गुंतलेला नसावा.

मागच्या खरेदीचा दर म्हणजे पुरावा नाही

याला वेगळी पायरी म्हणण्यापेक्षा सवय म्हणा. फाईलवर सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य असं असतं: ‘मागील खरेदी दरापेक्षा पाच टक्के वाढ, महागाई पाहता रास्त.’ मागचा दर रास्त होता हे कुणी तपासलं होतं? त्या वेळीही त्याच्या मागचाच दर पाहिला गेला असेल तर चूक वर्षानुवर्षं चक्रवाढीने वाढत येते.

ट्रान्सडाइम या विमानांचे सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीचं प्रकरण नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं. फेब्रुवारी २०१९ च्या अहवालात अमेरिकी महानिरीक्षकांनी तिचे ४७ भाग तपासले. १५ टक्क्यांपर्यंतचा नफा रास्त धरूनसुद्धा ४६ भागांवर जादा नफा निघाला. एकूण रक्कम १ कोटी ६१ लाख डॉलर. एका भागावरचा नफा ४,४५१ टक्के होता. खरेदी अधिकाऱ्यांनी नियम मोडले नव्हते. त्यांनी जुन्या दरांशी तुलना केली होती, पण जुने दरच फुगलेले होते. डिसेंबर २०२१ च्या दुसऱ्या अहवालात त्याच कंपनीच्या १०५ भागांवर आणखी किमान २ कोटी ८ लाख डॉलरचा जादा नफा सापडला.

मागचा दर वापरायचाच असेल तर मागे जात राहा. वस्तू शेवटची स्पर्धेतून, म्हणजे एकाहून जास्त निविदा येऊन, कधी खरेदी झाली? त्या वर्षाचा दर घ्या, साहित्य आणि मजुरीच्या निर्देशांकाने आजच्या किमतीत आणा, आणि मग तुलना करा. कंपनीची मालकी मधल्या काळात बदलली असेल तर बदलाच्या आधीचे आणि नंतरचे दर शेजारी मांडा. कारखाना तोच, ड्रॉइंग तेच, आणि मालक बदलल्यावर दर दुप्पट झाला असेल, तर चौकशी कुठून सुरू करायची ते कळलं.

तिसरी पायरी: खर्चाचा तपशील मागा, आणि तारीख पक्की करा

स्पर्धा असेल तर किंमत बऱ्याच अंशी स्पर्धा ठरवते. पुरवठादार एकच असेल तेव्हा त्याचा खर्च बघितल्याशिवाय किंमत रास्त आहे असं म्हणायला काहीही आधार नसतो. अमेरिकेत यासाठी १९६२ मध्ये कायदा झाला. ठरावीक रकमेवरच्या, स्पर्धेविना होणाऱ्या करारात कंपनीने खर्चाची माहिती अद्ययावत, अचूक आणि संपूर्ण असल्याचं लेखी प्रमाणित करायचं. माहिती तशी नव्हती असं नंतर उघड झालं तर सरकार किंमत खाली आणू शकतं. ब्रिटनने २०१४ मध्ये एकमेव पुरवठादाराच्या संरक्षण करारांसाठी स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र नियामक आणला. ५० लाख पाउंडांपासूनच्या अशा करारांत कोणता खर्च धरता येईल आणि नफ्याचा आधारभूत दर किती, हे नियमांनी ठरतं.

तुमच्या देशातला नियम काहीही असो, मागायच्या गोष्टी त्याच: साहित्याची यादी आणि प्रत्येक ओळीला खऱ्या खरेदीचं बिल किंवा कोटेशन, कामाचे तास आणि ते कशावरून काढले, मजुरीचे दर, ओव्हरहेडचे, म्हणजे कारखान्याच्या वरखर्चाचे, दर आणि ते कोणत्या आधारावर वाटले, उपकंत्राटदारांची नावं आणि त्यांचे दर, आणि नफा. तपशील कॅल्क्युलेशन शीटमध्ये मागा, सूत्रं जिवंत असलेल्या. छापील कागदावरचा एकूण आकडा कुणीही देतो. कोणत्या गुणाकारातून तो आला हे दिसलं पाहिजे.

नवे लोक इथे दोन ठिकाणी फसतात.

एक, मर्यादेखालची खरेदी. अमेरिकेत प्रमाणित माहिती मागण्याची मर्यादा २०१८ मध्ये साडेसात लाख डॉलरवरून २० लाख डॉलर झाली, पुढे आणखी वाढली, आणि सुट्या भागांच्या छोट्या छोट्या ऑर्डरी त्याच्या खालीच राहतात. ट्रान्सडाइमच्या प्रकरणातही बहुतेक ऑर्डरी मर्यादेच्या आतल्या होत्या, आणि अधिकाऱ्यांनी तपशील मागितला तेव्हा कंपनीने बहुतेक वेळा नकार दिला. उपाय तुमच्याच हातात आहे. एका वस्तूची वर्षभराची मागणी एकत्र करा. वेगवेगळ्या आगारांच्या मागण्या जोडा. दर दोन महिन्यांनी तीन तीन नग मागवण्याने सोय होते ती फक्त विकणाऱ्याची. नकार मिळालाच तर तो लेखी घ्या आणि वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवा. तोंडी नकाराची नोंद कुठेच राहत नाही.

दुसरं, तारीख. किंमतीवर दोन्ही बाजूंचं एकमत कोणत्या दिवशी झालं हे इतिवृत्तात स्पष्ट लिहा. माहिती अद्ययावत होती की नव्हती, याचा निवाडा त्या तारखेवरून होतो. समजा कंपनीच्या खरेदी विभागाला त्याच्या आठवडाभर आधी उपकंत्राटदाराचं स्वस्त कोटेशन आलं होतं आणि वाटाघाटीच्या टेबलावर जुनं महाग कोटेशन ठेवलं गेलं. हे सिद्ध करायला तुमच्याकडे तारीख हवी. बैठकीच्या सुरुवातीलाच विचारा, ‘काल संध्याकाळपर्यंत आलेली सगळी कोटेशन यात आहेत का?’ उत्तर इतिवृत्तात घ्या.

अशी लपवाछपवी किरकोळ कंपन्याच करतात, असं मनातही आणू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये रेथिऑन या मोठ्या अमेरिकी शस्त्रास्त्र कंपनीने अनेक आरोप मिटवण्यासाठी ९५ कोटी डॉलरहून अधिक देण्याचं मान्य केलं. त्यातला मोठा भाग पेट्रियट क्षेपणास्त्र प्रणाली आणि एका रडार यंत्रणेच्या करारांत मजुरी व साहित्याच्या खर्चाची खोटी माहिती देऊन सरकारकडून जादा पैसे घेतल्याबद्दल होता.

चौथी पायरी: तपशील वाचणं

खरं कौशल्य इथे लागतं, आणि ते शिकता येतं.

तासांपासून सुरुवात करा. टी. पी. राइट या अमेरिकी विमान अभियंत्याने १९३६ मध्ये विमानबांधणीच्या खर्चाबद्दल दाखवून दिलं की उत्पादन दुप्पट झालं की लागणारे तास ठरावीक प्रमाणात घटतात. विमानांच्या बाबतीत ही घट साधारण २० टक्के धरली जाते. यालाच लर्निंग कर्व्ह म्हणतात. पहिल्या नगाला १,००० तास लागले तर दुसऱ्याला ८००, चौथ्याला ६४०, आठव्याला ५१२. पहिल्या आठ नगांची सरासरी येते सुमारे ६६८ तास. आता नवव्या ते सोळाव्या नगाची ऑर्डर आहे आणि पुरवठादार म्हणतो, ‘मागच्या ऑर्डरची प्रत्यक्ष सरासरी ६६८, तेवढेच धरा.’ आकडा खरा आहे, नोंदवहीत आहे, ऑडिटमध्येही टिकेल. पण पुढच्या आठ नगांची अपेक्षित सरासरी आहे सुमारे ४४७ तास. म्हणजे एकही खोटा कागद न करता मजुरी दीडपट मागितली गेली. म्हणून सरासरी कधीच स्वीकारू नका, प्रत्येक नगाचे वेगळे तास मागा आणि ते आलेखावर मांडा. वर्षानुवर्षं चाललेल्या यांत्रिक उत्पादनात ही घट फार कमी असते, हेही ध्यानात ठेवा. कारागिरांच्या हातून होणाऱ्या जुळणीत ती सगळ्यात ठळक दिसते.

नंतर साहित्य. प्रत्येक ओळीच्या पुरवठादाराचं नाव वाचा आणि ती कंपनी मुख्य ठेकेदाराच्याच समूहातली आहे का ते तपासा. असेल तर नफ्यावर नफा चढतो. हिशेब करून बघा. भगिनी कंपनीला भाग पडतो १०० ला. ती १५ टक्के नफा लावून ११५ ला देते. मुख्य कंपनी त्यावर १० टक्के हाताळणी, मग ८ टक्के प्रशासन, मग १५ टक्के नफा लावते. सरकारला तो पडतो १५७ ला. समूहातला व्यवहार नफा न लावता खर्चाने धरला असता तर तोच भाग १३७ च्या आत मिळाला असता. काम जवळपास सगळं बाहेरून करून घेतलं जात असेल तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा. अमेरिकेत ७० टक्क्यांहून जास्त काम उपकंत्राटाने देणाऱ्या ठेकेदाराला सांगावं लागतं की तो स्वतः त्यात नेमकी काय भर घालतो.

साहित्याच्या यादीत प्रमाणही बघा. भंगार म्हणून १२ टक्के धरले असतील तर मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती गेलं, आणि ते भंगार विकून आलेले पैसे कुठे जमा झाले?

ओव्हरहेड हा सगळ्यात निसरडा भाग. १९८० च्या दशकात अमेरिकी नौदलाने ४३५ डॉलरला घेतलेला हातोडा जगभर गाजला. त्यामागची गोष्ट जास्त उपयोगाची आहे. ठेकेदाराने एका मोठ्या यादीतल्या सगळ्या भागांवर अभियांत्रिकी आणि प्रशासनाचा खर्च दर वस्तूमागे सारखाच वाटला होता. त्यामुळे गुंतागुंतीच्या इलेक्ट्रॉनिक भागावर जेवढा बोजा, तेवढाच साध्या हातोड्यावर. यादीची एकूण रक्कम या वाटपाने बदलत नव्हती. धोका पुढे असतो. उद्या कुणी त्याच दराने फक्त हातोडे मागवले तर तो सगळा बोजा पुन्हा पुन्हा भरला जातो. म्हणून नुसती एकूण रक्कम पाहून सही करू नका. ओव्हरहेड मजुरीच्या, यंत्रतासांच्या किंवा साहित्याच्या प्रमाणात वाटून घ्या, आणि यादीतली प्रत्येक किंमत एकटी उभी राहते का ते तपासा.

ओव्हरहेडच्या गठ्ठ्यात काय काय आहे तेही उघडून बघायचं. मेजवान्या, देणग्या, दंड, राजकीय प्रभावासाठी केलेला खर्च, यातलं काहीही जनतेच्या पैशातून देय नाही. आणि जो खर्च थेट करारात लावला आहे, तोच ओव्हरहेडमध्ये दुसऱ्यांदा बसलेला नाही ना, हे पाहायला एकच रस्ता आहे: दोन्ही याद्या शेजारी ठेवून ओळ न ओळ जुळवणं. कंटाळवाणं काम आहे, पण अनेक वसुल्या यातूनच निघतात.

इथे पुरवठादाराची बाजूही प्रामाणिकपणे ऐका. चाळीस वर्षांपूर्वीच्या विमानाचे पाच नग मागवले तर साचा पुन्हा काढावा लागतो, यंत्र नव्याने लावावं लागतं, प्रमाणपत्राच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. तो खर्च खरा आहे. तो वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा आणि एकदाच द्या. नगाच्या दरात मिसळला की तो कायमचा चिकटतो. खऱ्या खर्चालाही कात्री लावत राहिलात तर चांगला पुरवठादार निघून जातो, आणि मग उरलेल्या एकट्यापुढे तुमचं काही चालत नाही.

पाचवी पायरी: कराराचा प्रकार आणि कलमं

खर्च जितका जास्त तितका नफा जास्त, अशी रचना कधीच मान्य करू नका. खर्चाच्या टक्केवारीने नफा देणारा करार अमेरिकेत कायद्यानेच निषिद्ध आहे. खर्चभरपाईच्या, म्हणजे झालेला खर्च सरकार भरून देतं अशा, करारात नफ्याची रक्कम आधीच आकड्यात ठरवतात, आणि तिलाही मर्यादा आहे: अंदाजित खर्चाच्या १० टक्के, संशोधनाच्या कामात १५ टक्के. वस्तूचं उत्पादन स्थिर झालं असेल तर निश्चित किंमत घ्या. आराखडाच अजून पक्का नसेल तर निश्चित किमतीचा हट्ट उलटतो. ठेकेदार सगळी अनिश्चितता दरात घालतो, किंवा मुद्दाम कमी दर देऊन काम मिळवतो आणि पुढे बदलांच्या नावाखाली वसूल करतो.

करारात काही कलमं हवीतच. हिशेबाच्या वह्या तपासण्याचा हक्क, उपकंत्राटदारांपर्यंत पोचणारा. माहिती सदोष निघाल्यास किंमत खाली आणण्याचा आणि व्याजासह वसुलीचा हक्क. पुढच्या नगांचा दर आजच ठरवून ठेवणारा पर्याय. महागाईवाढ द्यायचीच असेल तर नावानिशी निर्देशांक, त्याचा आधार महिना, आणि वाढ किमतीच्या किती भागाला लागू हे स्पष्ट. निर्देशांक उतरला तर किंमतही उतरली पाहिजे.

आणि ड्रॉइंग. विकासाचा पैसा सरकारने भरला असेल तर उत्पादनाची ड्रॉइंग आणि ती दुसऱ्या कारखान्याला देण्याचा हक्क पहिल्याच करारात मागा. तेव्हा स्पर्धा असते, तेव्हाच ठेकेदार हा हक्क परवडणाऱ्या किमतीला देतो. दहा वर्षांनी मागितला तर तो देणार नाही किंवा तोंडाला येईल ती रक्कम सांगेल. सुट्या भागांच्या बहुतेक रडगाण्यांचं मूळ या एका न मागितलेल्या हक्कात आहे.

सहावी पायरी: काम चालू असताना

एकाच ठेकेदाराकडे निश्चित किमतीचा आणि खर्चभरपाईचा असे दोन करार असतील तर तास एकाकडून दुसऱ्याकडे सरकवण्याचा मोह मोठा असतो. पूर्वसूचना न देता कामाच्या जागी जा. हातात काम असलेल्या माणसाला विचारा, आज कोणत्या कामावर आहात? नंतर त्याच दिवसाची टाइमशीट मागवा आणि जुळवा. टाइमशीट ज्याची त्याने, त्याच दिवशी भरलेली असावी. आठवड्याच्या शेवटी पर्यवेक्षकाने एका बैठकीत भरलेल्या नोंदी म्हणजे आधी ठरवलेलं बजेटच उलट लिहिलेलं असतं.

बदलाचा प्रस्ताव आला की दोन रकमा मागा: नव्या कामाचा खर्च, आणि वगळलेल्या जुन्या कामाची वजावट. दुसरी रक्कम हमखास विसरली जाते. टप्प्याटप्प्याने पैसे देताना टप्पा मोजता येईल असा असावा. ‘आराखडा ६० टक्के पूर्ण’ हे मोजता येत नाही, ‘कंपनचाचणी उत्तीर्ण, अहवाल सादर’ हे येतं.

जादा आकारणी सापडली तर

लगेच आरोप करू नका आणि गप्पही बसू नका. आधी कागद सुरक्षित करा, मूळ प्रती जागेवरून हलू देऊ नका. मग रक्कम काढा: खरी माहिती त्या तारखेला समोर असती तर किंमत किती ठरली असती, आणि किती ठरली. मजुरी किंवा साहित्यातल्या फरकावर चढलेलं ओव्हरहेड आणि नफाही त्यात धरा, नाहीतर वसुली अपुरी राहते. चूक की फसवणूक हे ठरवणं तुमचं काम नाही. संशय असेल तर प्रकरण दक्षता विभागाकडे द्या, आणि त्यांना विचारल्याशिवाय ठेकेदाराशी त्यावर बोलू नका.

कंपनीच्या आतून माहिती देणाऱ्याला जपा. अमेरिकेत यादवी युद्धात लष्कराला खराब माल विकणाऱ्यांविरुद्ध १८६३ मध्ये केलेला कायदा आजही वापरात आहे. त्यात नुकसानीच्या तिप्पट वसुली होते, आणि सरकारच्या वतीने दावा आणणाऱ्याला वसुलीतला साधारण १५ ते ३० टक्के वाटा मिळतो. असा कायदा जिथे नाही तिथेही माणसाचं नाव फाईलवर येऊ न देणं तुम्हाला करता येतं.

शेवटी किंमत कशी ठरली याची टिपणी लिहा, करार झाला त्याच आठवड्यात. आपला अंदाज किती होता, मागणी किती आली, कोणत्या ओळीवर किती कमी झालं आणि कशामुळे, कोणती माहिती मागूनही मिळाली नाही, कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवून सही केली. तुमची बदली होईल, ठेकेदाराचा वाटाघाटी करणारा माणूस मात्र पंधरा वर्षं त्याच खुर्चीत असतो. पुढच्या वेळी त्याच्यासमोर जो नवा अधिकारी बसेल, त्याला ही टिपणी फाईलच्या पहिल्या पानावर मिळू द्या.